तारखेला वाराची साक्ष

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, जुन्या भाषेत दाखलखारीज रजिस्टरमध्ये, विद्यार्थ्याची जन्मतारीख दोनदा लिहितात. एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत. नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकाला हा नसता खटाटोप वाटतो. पण घाईत १ चा ९ होतो, पावसाळ्यात शाई फुटते, एखादा आकडा नंतर गिरवलाही जातो. 'तीन एप्रिल दोन हजार बारा' ही अक्षरे इतक्या सहजी बदलत नाहीत. अंकांवर शंका आली की अक्षरे साक्ष देतात.

आज हीच तारीख संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये भरली जाते. तिथे एकच घर असते आणि त्यात एकच आकडा. अक्षरी साक्ष गेली. म्हणून घरावर टिचकी मारताच महिन्याचे छोटे पान उघडावे आणि त्यातला दिवस निवडावा, अशी दिनदर्शिका बसवण्याची रीत पडली. टंकलेखन वाचवणारी सोय म्हणून ती ओळखली जाते. परंतु त्या पानाच्या माथ्यावर वारांची जी एक ओळ असते, तिचे काम सोयीपेक्षा मोठे आहे. तारखेला वाराची साक्ष लावण्याची ही पद्धत आपल्याकडे किमान दीड हजार वर्षांची आहे. तिचा इतिहास शिक्षकांना माहीत असावा, कारण तो घडवणाऱ्यांत शिक्षकही होते.

एकच दिवस, दोन नावे

सावनेर हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. येथून मध्य प्रदेशाची हद्द जवळ आहे. या भागात पोळा दणक्यात होतो. मराठी पंचांगाप्रमाणे पोळा श्रावण अमावास्येला येतो. छिंदवाड्याकडची हिंदी पंचांगे त्याच दिवसाला भाद्रपद अमावास्या म्हणतात. महाशिवरात्र इकडे माघ वद्य चतुर्दशीला, तर तिकडे फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला. दिवस तोच, बैल तेच, चंद्रही तोच. फरक एवढाच की आपण महिना अमावास्येला संपवतो (अमान्त पद्धती) आणि उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपवतात (पूर्णिमान्त पद्धती). त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचे महिने जुळतात आणि वद्य पक्षात एका महिन्याने वेगळे होतात.

समजा, एखाद्या जुन्या कागदावर नुसते 'फाल्गुन वद्य ३' असे लिहिले आहे. लिहिणारा कोणत्या पद्धतीचा होता हे ठाऊक नसेल, तर एकाच नोंदीचे दोन दिवस निघतात. त्यांत २९ किंवा ३० दिवसांचे अंतर पडते. आता २९ ला ७ ने भागले तर बाकी १ उरते आणि ३० ला भागले तर २. म्हणजे या दोन दिवसांचा वार कधीच एक असू शकत नाही. कागदावर तिथीबरोबर वारही दिला असेल, तर वाद तिथेच मिटतो. वाराचे सामर्थ्य या साध्या भागाकारात आहे. तिथी, महिना, वर्ष हे सर्व चंद्र-सूर्याच्या गणितावर आणि माणसांच्या रूढीवर अवलंबून असतात. सात वारांची साखळी मात्र कोणाच्याही गणितावर अवलंबून नाही. ती स्वतंत्रपणे चालते, म्हणूनच ती साक्षीदार होऊ शकते.

शिलालेखातला गुरुवार

मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळातला एक स्तंभ आहे. त्यावरील लेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुक्ल द्वादशी आणि गुरुवार अशी नोंद आहे. वाराचा उल्लेख असलेल्या भारतातल्या अगदी जुन्या लेखांत याची गणना होते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात गुप्त संवत नेमका कधी सुरू झाला यावर विद्वानांत मोठा वाद होता. शंभर-दीडशे वर्षे इकडची तिकडे होत होती. जे. एफ. फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्त लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातले ज्योतिषाचे गणित शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी करून दिले होते. इसवी सन ३१९-२० हा आरंभ धरला की एरणच्या लेखाची तारीख २१ जून ४८४ येते आणि त्या दिवशी गुरुवारच पडतो.

हे दीक्षित (१८५३-१८९८) दापोलीजवळच्या मुरूडचे. सरकारी शाळांत आणि ट्रेनिंग कॉलेजांत त्यांनी नोकरी केली. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा मराठी ग्रंथ १८९६ चा. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय आणि इंग्रजी तारखांची सांगड घालणारी कोष्टके इंग्रजीत प्रसिद्ध केली. कोष्टकांवरून तारीख काढायची आणि शेवटी वार जुळतो का पाहायचे, हीच त्यांची रीत. वार जुळला नाही तर कुठेतरी चूक आहे: कोष्टकात, वाचनात किंवा मूळ लेखात. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी तयार केलेली दीडशेहून अधिक वर्षांची जंत्री मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. शक, तिथी, वार, मुसलमानी तारीख आणि इंग्रजी तारीख यांची गाठ एका ओळीत घालून देणारी जंत्री म्हणजे त्या काळचे स्प्रेडशीटच होते. घरे छापील होती आणि बोट फिरवून शोधायची, एवढाच फरक.

शिवजन्माचा शुक्रवार

अशा जंत्रीची गरज किती होती, हे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या खंडांवरून कळते. पेशवाईतल्या पत्रांत 'छ' हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख लिहीत. वर्ष दिलेच, तर ते सुहूर सनाचे, अरबी संख्यावाचक शब्दांत. हा सन मृग नक्षत्राला बदलतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. पुष्कळ पत्रांत वर्षच नसे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होते, इतिहासकाराला मात्र नव्हते.

तारखेचा सर्वांना परिचित वाद शिवजन्माचा. पूर्वी शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इसवी सन १६२७, हा काळ मानला जाई. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याकडील शकावली १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे, शिवाय नक्षत्रही दिले आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण मुलांना शिकवतो. पण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत इंग्रजी साल बदललेले असते, म्हणून फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात. येते १९ फेब्रुवारी १६३०. त्या दिवशी शुक्रवारच होता. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये ही तारीख मान्य केली.

येथे आणखी एक गुंता आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० होतो. पोर्तुगालने नवी पद्धत १५८२ मध्येच स्वीकारली, इंग्लंडने १७५२ पर्यंत जुनीच चालवली. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याचे पोर्तुगीज आणि सुरतेचे इंग्रज एकाच दिवशी दहा दिवसांच्या फरकाने तारीख घालत. १७५२ मध्ये इंग्लंडने पद्धत बदलली तेव्हा बुधवार २ सप्टेंबरनंतर एकदम गुरुवार १४ सप्टेंबर आला. अकरा तारखा गेल्या, पण बुधवारनंतर गुरुवारच आला. तारखांची मोडतोड झाली तरी वारांची साखळी तुटली नाही. म्हणून शिवजन्म १९ फेब्रुवारी म्हणा की १ मार्च, शुक्रवार ढळत नाही.

रजिस्टरमधली ओळ

राजांच्या तारखा शोधायला इतिहासकार बसतात. सामान्य माणसाची तारीख शाळेच्या रजिस्टरवर राहते. सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. त्या एका ओळीमुळे आज डॉ. बाबासाहेबांचा शाळाप्रवेशाचा दिवस आपल्याला नेमका ठाऊक आहे. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. तो बुधवार होता.

सर्वांच्या वाट्याला अशी नेमकी नोंद आली नाही. विदर्भातल्या खेड्यांत जन्माची नोंद कोतवाल बुकात होई, पण शाळेत नाव घालताना ती कोण आणणार? गुरुजींनी मुलाकडे पाहून वय ठरवावे आणि १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे व्हावे, अशी सर्रास पद्धत होती. आजही पन्नाशी-साठीच्या माणसांत या दोन तारखांची गर्दी दिसते. त्या गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु त्या एका अंकावर पुढे नोकरीचे वय, बढती, निवृत्ती आणि पेन्शन ठरले. शाळा सोडल्यावर ही तारीख बदलून घेणे किती अवघड असते, हे कचेरीत खेटे घातलेल्यांना विचारावे. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच कायद्याने जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. म्हणजे तारीख अंदाजाने लिहिण्याचे दिवस संपत आले. पण खरी तारीख चुकीची टंकली जाण्याचे दिवस सुरूच आहेत. शाळेच्या नोंदीतली आणि आधारवरची तारीख जुळली नाही, तर मुलाचे काम अडते.

दिवसाला क्रमांक

संगणकावरचे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट म्हणजे १९७९ चे व्हिझिकॅल्क. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ते ॲपल-२ या संगणकासाठी तयार केले. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आणि १९८७ मध्ये विंडोजवर एक्सेल. या तक्त्यांत तारीख तारीख म्हणून साठवली जात नाही. १ जानेवारी १९०० ला १ हा क्रमांक आणि पुढे रोज एक, अशी मोजणी असते. आपल्याला दिसते ती त्या क्रमांकाची सजावट. ३ एप्रिल २०१२ म्हणजे ४१००२. दोन तारखांमधले अंतर काढायचे तर नुसती वजाबाकी पुरते. वार काढायचा तर ७ ने भागून बाकी पाहायची: १ उरला तर रविवार, २ तर सोमवार, ० तर शनिवार. ४१००२ ची बाकी ३ येते, म्हणजे मंगळवार. जुन्या ज्योतिषगणितातल्या अहर्गणाची, म्हणजे ठरावीक आरंभापासून दिवस मोजण्याची, ही कल्पना आहे. दीक्षितांना ती लगेच ओळखू आली असती.

या मोजणीत एक गमतीदार दोष आहे. शतकाचे वर्ष ४०० ने भाग गेल्याशिवाय लीप नसते, म्हणून १९०० लीप नव्हते. लोटसने ते लीप मानले. लोटसच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलनेही तो दोष मुद्दाम ठेवला. म्हणून एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस आहे. बाबासाहेबांच्या प्रवेशाचा ७ नोव्हेंबर हा १९०० सालचा ३११ वा दिवस, पण एक्सेल त्याला ३१२ क्रमांक देते. ३१२ ची बाकी ४, म्हणजे बुधवार. वार बरोबर आला, कारण मोजणीच्या सुरुवातीचा वारच एकाने मागे गेलेला आहे. १ जानेवारी १९०० ला सोमवार होता, एक्सेल रविवार सांगते. १ मार्च १९०० पासून दोघांचे जमते. १९०० च्या आधीची तारीख तर एक्सेल तारीख म्हणून ओळखतच नाही. शिवजन्म त्याच्या लेखी नुसती अक्षरे आहेत.

बेचाळीस घरांचे पान

रोजच्या कामात मात्र याहून मोठा धोका आहे. आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो, अमेरिकेत महिना-दिवस-वर्ष लिहितात. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर आपण टंकलेली ३/४/२०१२ ही ३ एप्रिल त्याच्या लेखी ४ मार्च होते. २५/४/२०१२ टंकले तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तो ती तारीख मानतच नाही, अक्षरे म्हणून डावीकडे ढकलतो. म्हणजे यादीतल्या काही तारखा डावीकडे दिसतात आणि उजवीकडे बसलेल्या चुपचाप उलटलेल्या असतात. धोका किती, याचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखा संशयित. १२ गुणिले १२ म्हणजे १४४. त्यांतून १/१, २/२ अशा बारा उलटूनही त्याच राहतात, म्हणून वजा. राहिल्या १३२. वर्षातल्या ३६५ पैकी १३२ तारखा चूक न दाखवता उलटू शकतात. चाळीस मुलांच्या वर्गात अशी चौदा-पंधरा मुले निघतील.

संशोधकही यातून सुटलेले नाहीत. काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे 'मार्च' आणि 'सेप्ट' या अक्षरांपुढे अंक अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली.

उघडणारी दिनदर्शिका या दोषावरचा साधा उपाय आहे. तिच्यात महिना नावाने दिसतो, म्हणून ३ आणि ४ यांची अदलाबदल होत नाही. तिची रचना सात स्तंभ आणि सहा ओळींची, म्हणजे ४२ घरांची असते. ३१ दिवसांचा महिना ओळीच्या शेवटच्या वारी सुरू झाला, तर सहावी ओळ लागतेच. संगणक महिन्याच्या पहिल्या दिवसाचा क्रमांक काढतो, ७ ने भागतो आणि बाकीवरून पहिले घर ठरवतो. बाकी सगळे क्रमाने.

सावनेर परिसरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने गेलो असता एका शिक्षिकेने मला विचारले, "सर, हे कॅलेंडर आमच्या तक्त्यात कसे आणायचे?" गुगल शीट्समध्ये ते सोपे आहे. जन्मतारखेचा स्तंभ निवडावा, 'डेटा' मेनूतल्या 'डेटा व्हॅलिडेशन'मध्ये जाऊन वैध तारखेचा नियम लावावा. मग घरावर दोनदा टिचकी मारली की पान उघडते. एक्सेलची गोष्ट वेगळी. २००७ च्या आवृत्तीपर्यंत ऑफिसबरोबर कॅलेंडरचा एक जोडभाग मिळे, २०१० मध्ये तो काढला गेला. तारीख निवडण्याचा दुसरा जोडभाग ३२-बिट ऑफिसमध्येच चालतो. त्यामुळे बाहेरचे ॲड-इन घ्यावे लागते किंवा मॅक्रो लिहावा लागतो. तेही जमले नाही, तर एक्सेलच्या 'डेटा व्हॅलिडेशन'मध्ये आरंभीची आणि शेवटची तारीख घालून ठेवावी. त्याबाहेरची तारीख तक्ता स्वीकारत नाही.

वार कुठे फसतो

आता साक्षीदाराची उलटतपासणी. पानावर बोट आडवे घसरले तर एक दिवस इकडेतिकडे होतो आणि वार बदलतो. चूक पकडता येते. बोट उभे घसरले तर सात दिवसांचा फरक पडतो आणि वार तोच राहतो. चूक निसटते. १९७३ पासून घराघरांत लागणाऱ्या 'कालनिर्णय'मध्ये वार डावीकडे उभे असतात आणि तारखा वरून खाली जातात. तिथे हाच नियम उलटा लागू होतो.

दिवस आणि महिना उलटल्यास काय? ३ एप्रिल २०१२ ला मंगळवार, ४ मार्च २०१२ ला रविवार. वार लगेच चूक सांगतो. अशा एकूण ६६ जोड्या आहेत. सर्व पडताळून पाहिल्या तर कोणत्याही वर्षी ६० जोड्यांत वार वेगळा येतो आणि ६ जोड्यांत तोच येतो. साध्या आणि लीप वर्षांत या सहापैकी काही जोड्या बदलतात, पण तीन जोड्या कायम राहतात. एक ९ मे आणि ५ सप्टेंबर. दुसरी ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर. तिसरी १२ मार्च आणि ३ डिसेंबर. म्हणजे वाराची साक्ष दरवर्षी हटकून फसते त्या दिवसांत शिक्षक दिन आणि विद्यार्थी दिनही आहेत! ज्यांच्या हाती रजिस्टर आहे आणि ज्यांचे नाव रजिस्टरमध्ये आहे, त्या दोघांनाही यातला इशारा समजावा. साक्षीदार चांगला असला तरी मूळ कागद पाहण्याला पर्याय नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

आपल्या वर्गाच्या तक्त्यात जन्मतारखेशेजारी 'वार' नावाचा एक स्तंभ जोडा. त्यात तीच तारीख घेऊन तिच्या मांडणीत इंग्रजी 'डी' हे अक्षर चार वेळा लिहा. पूर्ण वार दिसू लागेल. तो स्तंभ छापून मुलांना द्या आणि घरी आजीला किंवा आईला विचारायला सांगा, की माझा जन्म कोणत्या वारचा? तारीख विसरलेली आजी वार सहसा विसरत नाही. 'आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी' असे उत्तर आले तरी चालेल. आपल्याकडे सोमाजी, मंगरू, बुधाजी ही नावे वारावरूनच पडली. ज्या काळी घरात कागद नव्हता, त्या काळी माणसाच्या नावातच त्याच्या जन्मदिवसाची नोंद ठेवलेली असे.

घरचा वार आणि तक्त्यातला वार जुळला नाही, तर जन्माचा दाखला पुन्हा पाहावा. बहुतेक वेळा टंकलेखनाची चूक सापडेल, क्वचित आजीची आठवण चुकलेली असेल. मोठ्या मुलांना ६६ जोड्यांचे गणित करायला द्या. सातने भागून बाकी काढण्यापलीकडे त्याला काही लागत नाही. मग त्यांना एरणच्या स्तंभावरच्या गुरुवारची गोष्ट सांगा, आणि तो गुरुवार गणिताने पडताळून देणारा माणूस शाळामास्तर होता, हेही सांगा.